तणनाशके आणि बालकाच्या मेंदूची घडण

शेतावर फवारावयाच्या प्रत्येक द्रवाला ‘औषध’ म्हणण्याचा प्रघात आपल्या खेड्यांत पडला आहे. कपाशीवर औषध मारले, कांद्याला औषध दिले, बांधावर गवताचे औषध फवारले, असे बोलणे शिक्षकांच्या कानांवर रोज पडते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा शब्दप्रयोग समजण्यासारखा आहे. पिकाचे दुखणे ज्याने जाते ते औषध, अशी त्याची सरळ विचारसरणी. परंतु पहिलीतील मुलाला ‘औषध’ म्हणजे खोकल्याची गोड बाटली एवढेच ठाऊक असते. हाच शब्द घरातील कोनाड्यातल्या बाटलीला आणि गोठ्यातल्या डब्यालाही लावला गेला, म्हणजे दोहोंत भेद करण्याचे साधन त्या बालकापाशी उरत नाही. भाषेच्या शिक्षकाने ह्या एका शब्दाकडे लक्ष पुरविले तरी पुष्कळ काम होण्यासारखे आहे.

प्राथमिक शिक्षणाच्या पुस्तिकेत हा शेतीचा विषय कशासाठी, असे काही शिक्षकबंधुभगिनींना वाटेल. त्याचे उत्तर असे की, सहाव्या वर्षी जे मूल आपल्या हाती सोपविले जाते त्याच्या मेंदूची वाढ बहुतांशी होऊन गेलेली असते. जन्मतः बालकाच्या मेंदूचे वजन प्रौढाच्या मेंदूच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतके असते. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ते सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोचते, आणि शाळेत नाव घालण्याच्या वयास ९० टक्क्यांच्या आसपास जाते. मूल लक्ष किती वेळ टिकवते, ऐकलेले किती आठवते, बोटांत पेन्सिल कशी धरते, रागावल्यावर स्वतःला कसे आवरते, ह्या साऱ्यांचा पाया आपल्या पाटी-पुस्तकापूर्वीच घातला गेलेला असतो. तेव्हा तो पाया घातला जात असताना त्यावर कशाकशाचा परिणाम होतो, हे शिक्षकाने जाणून घेणे अगदी त्याच्या धंद्यातलेच आहे.

प्रथम तणनाशकांविषयी थोडेसे. निंदणी म्हणा, खुरपणी म्हणा, भांगलण म्हणा, हे काम आपल्याकडे पूर्वापार बायामाणसांच्या हातचे. गेल्या दोन-तीन दशकांत मजूर मिळेनासे झाले, मजुरी वाढली, आणि पाठीवरच्या पंपातून अर्ध्या दिवसात एकराचे काम उरकू लागले. शेतकऱ्याने हा मार्ग धरला तो चैनीखातर नव्हे, हे विसरून ह्या विषयावर बोलू नये. उसात व मक्यात ॲट्राझीन, रुंद पानांच्या तणांवर टू-फोर-डी, बांधावर व पडीक जागेत ग्लायफोसेट किंवा पॅराक्वाट, ही नावे आता खेड्यात सर्वांच्या तोंडी आहेत.

ह्यांपैकी प्रत्येकाची मारण्याची रीत निराळी आहे. टू-फोर-डी हे वनस्पतीतील वाढीच्या संप्रेरकाचे सोंग घेते, आणि तण वेडेवाकडे वाढून मरते. त्याचा वापर दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सुरू झाला. पॅराक्वाट हे १९६२ सालापासून बाजारात आले. ते हिरव्या पानात शिरले की तेथे प्राणवायूचे अतिशय दाहक रूप सारखे निर्माण करीत राहते व पान जाळून टाकते. माणसाच्या पोटात त्याचा एखादा घोट गेला तर फुप्फुसांतही तेच चालते, आणि त्यावर उतारा नाही. ग्लायफोसेट १९७४ मध्ये आले. वनस्पतींना काही आवश्यक घटक तयार करण्यासाठी जे एक विकर लागते, ते हे रसायन बंद पाडते. ते विकर मनुष्याच्या पेशींत नसते, म्हणून हे रसायन माणसाला निरुपद्रवी असे दीर्घकाळ मानले गेले. ह्या युक्तिवादात दोन उणिवा आहेत. आपल्या आतड्यांतील कित्येक जीवाणूंमध्ये ते विकर असते. आणि दुकानातल्या डब्यात नुसते ग्लायफोसेट नसून ते पानात मुरावे म्हणून मिसळलेली इतर द्रव्येही असतात, व त्यांचा परिणाम निराळा मोजावा लागतो.

आता मेंदूच्या घडणीकडे वळू. गर्भधारणेनंतर सुमारे चार आठवड्यांत, पुष्कळदा आईला दिवस गेल्याची पक्की जाणीव होण्याच्या सुमारास, ज्या नळीपासून मेंदू व पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू तयार व्हावयाचा ती नळी मिटते. पुढे पेशी जन्मतात, आपापल्या जागी प्रवास करीत जातात, एकमेकींशी जोडल्या जातात. ह्या जोडण्या आरंभी गरजेपेक्षा कितीतरी अधिक होतात, आणि ज्या वापरात राहत नाहीत त्या पुढे छाटल्या जातात. शेवटी तंतूंवर स्निग्ध द्रव्याचे वेष्टन चढते व संदेश वेगाने धावू लागतात. मेंदूची सर्वांत झपाट्याची वाढ गर्भावस्थेच्या शेवटच्या तीन महिन्यांपासून दुसऱ्या वर्षापर्यंत होते. ह्या प्रत्येक पायरीची वेळ ठरलेली आहे. ज्वारीला निसवण्याच्या वेळी पाणी तुटले तर मागाहून कितीही पाणी दिले तरी कणीस भरत नाही, हे खेड्यातल्या शिक्षकाला सांगावयास नको. मेंदूचेही काहीसे तसेच आहे.

ह्याच काळात बालकाचे संरक्षण सर्वांत कमी असते. रक्तातील नको ते पदार्थ मेंदूत जाऊ न देणारी जी आड असते ती पुरती तयार झालेली नसते, आणि विष फोडून बाहेर टाकणारी यकृतातील विकरेही अल्प असतात. वजनाच्या मानाने मूल मोठ्या माणसापेक्षा अधिक श्वास घेते, अधिक पाणी पिते, अधिक खाते. त्यातच ते जमिनीवर रांगते आणि हाताला लागेल ते तोंडात घालते. म्हणून मोठ्यांच्या शरीरावर बेतलेले ‘एवढ्याने काही होत नाही’ हे माप बालकाला लावणे चुकीचे ठरते.

ह्यासंबंधीचा पुरावा तीन प्रकारचा आहे. त्यांतला पहिला प्रकार प्रयोगशाळेतील उंदरांचा.

स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग फार बोलका आहे. दहा व अकरा दिवसांच्या उंदराच्या पिल्लांना, म्हणजे त्यांचा मेंदू ऐन वाढीत असताना, पॅराक्वाटची अत्यल्प मात्रा दोनदा तोंडावाटे देण्यात आली. पिल्ले त्या वेळी आजारी पडली नाहीत. कोणतेही बाह्य लक्षण दिसले नाही. परंतु ती मोठी झाल्यावर, दोन महिन्यांनी व पुन्हा चार महिन्यांनी, त्यांची हालचाल मंदावलेली आढळली, आणि चार महिन्यांनी ती अधिकच मंदावली होती. हालचालीचे नियमन करणाऱ्या मेंदूच्या भागातील डोपामिन हे द्रव्यही घटले होते. ह्या प्रयोगातील शिकवण अशी की, इजा आणि तिचे लक्षण ह्यांत आयुष्याचा मोठा टप्पा जाऊ शकतो. अर्जेंटिनातील रोझारिओ येथे १९९६ साली दाखविण्यात आले की, टू-फोर-डी दिलेल्या माद्यांच्या दुधावर वाढलेल्या पिल्लांत मेंदूतील तंतूंवरचे स्निग्ध वेष्टन नीट चढत नाही. फ्रान्समध्ये २०१४ साली ग्लुफोसिनेट ह्या तणनाशकाविषयी, आणि जपानमधील चिबा येथे २०२० साली ग्लायफोसेटविषयी, असे आढळले की गाभण मादीला हे द्रव्य दिले असता तिच्या पिल्लांत इतरांशी मिसळण्याची प्रवृत्ती बदलते. चिबा येथील प्रयोगात पिल्लांच्या आतड्यांतील जीवाणूंचे प्रमाणही बिघडलेले दिसले.

मात्र येथे एक मर्यादा ध्यानी घ्यावयास हवी. ह्यांपैकी काही प्रयोगांत, विशेषतः ग्लायफोसेटच्या, दिलेली मात्रा माणसाच्या अन्नपाण्यातून जाणाऱ्या अंशापेक्षा कितीतरी अधिक होती, आणि उंदराचे पिल्लू म्हणजे माणसाचे मूल नव्हे. असे प्रयोग आपल्याला ‘हे घडू शकते, आणि ते ह्या मार्गाने घडते’ एवढेच सांगतात. आपल्या गावात ते किती प्रमाणात घडत आहे, हे त्यांवरून सांगता येत नाही.

दुसरा पुरावा माणसांचा, आणि तो मुख्यतः अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातून आलेला आहे. ह्याचे कारण तेथील कायद्यात आहे. कोणत्या शेतावर, कोणत्या दिवशी, कोणते द्रव्य, किती फवारले, ह्याची नोंद सरकारदफ्तरी करणे तेथे १९९० पासून सर्व शेतीस सक्तीचे झाले. ह्या नोंदी आणि जन्मनोंदी एकत्र मांडून २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १९९८ ते २०१० ह्या काळात जन्मलेली, आत्ममग्नतेचे निदान झालेली २,९६१ मुले व तुलनेसाठी सुमारे पस्तीस हजार इतर मुले घेतली होती. आई गरोदर असताना राहत्या घरापासून २,००० मीटरांच्या आत ग्लायफोसेट फवारले गेले असेल, तर मुलात आत्ममग्नता आढळण्याचा संभव सुमारे १६ टक्क्यांनी अधिक दिसला. आत्ममग्नतेबरोबर बौद्धिक अक्षमताही असलेल्या मुलांच्या बाबतीत ही वाढ अधिक होती. जन्मानंतरच्या पहिल्या वर्षातील संपर्काशी काही द्रव्यांच्या बाबतीत ती ५० टक्क्यांपर्यंत गेली.

१६ टक्के हा आकडा वर्तमानपत्रात वाचून माणूस दचकतो, म्हणून त्याचे गणित शिक्षकांनी नीट समजून घ्यावे व पालकांनाही सांगावे. समजा, एखाद्या ठिकाणी हजार मुलांमागे दहा मुलांत हा दोष आढळतो. संभव १६ टक्क्यांनी वाढला म्हणजे त्या दहांचे सुमारे साडेअकरा होतील. हजारांपैकी एकशेसाठ मुले आजारी पडतील असे नव्हे. एका घरापुरता पाहता हा फरक लहानच आहे. तथापि ज्या तालुक्यात वर्षाला पाच हजार मुले जन्मतात, तेथे तो सात-आठ बालकांचा प्रश्न होतो, आणि दहा वर्षांत एखादी शाळा भरेल इतक्या मुलांचा होतो. त्याचप्रमाणे असा अभ्यास दोन गोष्टी एकत्र आढळल्या एवढेच दाखवितो. एकीमुळे दुसरी झाली असे तो एकटा सिद्ध करू शकत नाही, कारण फवारणीजवळ राहणारी कुटुंबे इतर बाबतींतही निराळी असू शकतात. संशोधकांनी आईचे वय, शिक्षण इत्यादी गोष्टींचा हिशेब वजा केला होता. तरीही शंकेला थोडी जागा राहतेच.

ह्याच राज्यातील सालिनास खोऱ्यात १९९९-२००० पासून सुमारे सहाशे गरोदर शेतमजूर-कुटुंबांतील स्त्रियांचा व पुढे त्यांच्या मुलांचा माग ठेवला गेला. तेथे पाहिलेली द्रव्ये तणनाशके नसून फॉस्फरसयुक्त कीटकनाशके होती. आईच्या लघवीत त्यांचा अंश सर्वाधिक होता अशा गटातील मुलांचा बुद्ध्यंक सातव्या वर्षी, सर्वांत कमी अंश असलेल्या गटाहून सरासरी सात गुणांनी कमी भरला, असे २०११ साली प्रसिद्ध झाले. दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशात, फुलशेतीच्या पेड्रो मोंकायो ह्या भागात, ११ ते १७ वर्षांच्या पाचशेहून अधिक मुलांची लघवी २०१६ साली तपासली गेली. त्यांपैकी सुमारे ९८ टक्के मुलांत ग्लायफोसेट व दोन-तृतीयांश मुलांत टू-फोर-डी आढळले. टू-फोर-डीचे प्रमाण जितके अधिक तितकी अवधान, स्मरण व भाषा ह्यांच्या कसोट्यांतील कामगिरी उतरती होती. ग्लायफोसेटच्या बाबतीत दुसऱ्याच्या चेहऱ्यावरील भाव ओळखण्यासारख्या सामाजिक आकलनात घट दिसली. हा अभ्यास २०२३ साली छापला गेला.

तिसरा पुरावा मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण तो शिक्षकाच्या अगदी परिचयाच्या साधनांनी गोळा केलेला आहे. मेक्सिको देशाच्या वायव्येस सोनोरा नावाचे राज्य आहे, व त्यात याकी नदीचे खोरे. आपल्या देशाशी ह्या खोऱ्याचा जुना संबंध आहे. नॉर्मन बोरलॉग ह्यांनी बुटक्या गव्हाच्या जाती तेथे तयार केल्या. १९६६ साली भारताने मेक्सिकोतून १८,००० टन बियाणे आणले, त्यात ‘सोनोरा ६४’ ही जात ह्याच राज्याचे नाव घेऊन आली. ह्या खोऱ्यात १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कालव्याचे पाणी, खते व रासायनिक फवारणी ही सर्व एकदम आली. काही कुटुंबांना ही नवी पद्धत मानवली नाही. ती जवळच्या डोंगरपायथ्याशी गेली व हातानेच खुरपणी करून जुन्या रीतीने गुरेढोरे व शेती करीत राहिली. अशा रीतीने एकाच वंशाचे, एकाच आहाराचे, एकाच चालीरीतीचे लोक दोन जागी वसले, आणि फरक मुख्यतः फवारणीचा राहिला. खोऱ्यात एका पिकाला पंचेचाळीस वेळांपर्यंत फवारणी होई, अशी नोंद आहे.

एलिझाबेथ गिलेट ह्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तेथील चार व पाच वर्षांची पन्नास मुले निवडली. तेहतीस खोऱ्यातील व सतरा पायथ्याची. त्यांनी यंत्रे नेली नाहीत. मुलांना एका जागी उड्या मारावयास सांगितले. चेंडू टाकून झेलावयास लावले. बाटलीच्या बुचात बेदाणे टाकण्यास दिले. काम झाल्यावर तुला फुगा मिळेल असे सांगून, अर्ध्या तासाने ‘काय मिळणार आहे?’ असे विचारले. आणि कागद व रंगाच्या कांड्या देऊन ‘माणूस काढ’ असे म्हटले.

मुलांची उंची व वजन दोन्हीकडे सारखेच होते. पाहणाऱ्याला बाहेरून काहीच फरक दिसला नसता. परंतु खोऱ्यातील मुले लवकर दमत, त्यांना चेंडू नीट झेलता येत नसे, बोटांचे काम जमत नसे, आणि अर्ध्या तासापूर्वीचे आठवत नसे. माणसाच्या चित्राने तर सर्वांनाच चकित केले. पायथ्याच्या मुलांनी डोके, डोळे, हात, पाय असलेली, ओळखू येतील अशी माणसे काढली. त्याच वयाच्या खोऱ्यातील पुष्कळ मुलांच्या कागदावर तुटक रेघोट्यांचा गुंता उमटला. १९९८ साली ही चित्रे छापली गेली, आणि हा विषय प्रयोगशाळेच्या बाहेरच्या लोकांनाही प्रथमच डोळ्यांनी दिसला.

ह्या अभ्यासावर आक्षेपही पुष्कळ आहेत. मुले थोडी होती. प्रत्येक मुलाच्या अंगात कोणते द्रव्य किती, हे मोजलेले नव्हते. खोऱ्यात फवारली जाणारी द्रव्ये अनेक होती. त्यांत कीटकनाशकांचा भरणा मोठा होता, तेव्हा तणनाशकांचा वाटा वेगळा काढता येत नाही. पायथ्याची मुलेही अगदी अलिप्त नव्हती, कारण हिवतापाच्या मोहिमेत तेथे डीडीटी फवारले जाई. माझ्या मते हे सर्व आक्षेप रास्त आहेत, आणि ते मान्य करूनही हा अभ्यास शिक्षकाने वाचावा असाच आहे. उंची-वजनाच्या तक्त्यात जे मूल पूर्ण उतरते त्याच्याही ठिकाणी काही हरपलेले असू शकते, हे त्याने दाखविले.

विद्वानांत व सरकारांत ह्या विषयावर एकमत नाही, हेही सांगितले पाहिजे. पॅराक्वाट युरोपीय संघात २००७ सालापासून बंद आहे, आपल्याकडे विकले जाते. ॲट्राझीनलाही तेथे २००४ साली मान्यता नाकारण्यात आली. ग्लायफोसेटला मात्र त्याच संघाने २०२३ साली आणखी दहा वर्षांची मुदत दिली, आणि आपल्या केंद्र शासनाने २०२२ साली अधिसूचना काढून ते केवळ परवानाधारक कीडनियंत्रकांनीच वापरावे असे फर्माविले. शंकेचा एक मोठा भाग असा की, वाढत्या मेंदूवर काय परिणाम होतो ह्याची खास चाचणी प्रत्येक द्रव्याला सरसकट लावलीच जात नाही. स्टॉकहोम विद्यापीठातील दोन संशोधकांनी २०२३ साली दाखवून दिले की, उत्पादक कंपन्यांनी अमेरिकेच्या खात्याकडे दिलेल्या अशा ३५ चाचण्यांपैकी ९ युरोपच्या अधिकाऱ्यांपुढे ठेवल्याच नव्हत्या. परीक्षेचा निकाल एका घरी दाखवावयाचा व दुसऱ्या घरी लपवावयाचा, ही युक्ती आपल्या विद्यार्थ्यांनाही नवी नाही. पण तेथे नुकसान फार तर एका मुलाचे होते.

आता आपल्या कामाचे बोलू. सर्वांत आधी एक निषेध. हा लेख वाचून कोणीही आपल्या वर्गातील मंद अथवा चंचल मुलावर ‘फवारणीचे मूल’ असा शिक्का मारू नये. मूल मागे पडण्यास रक्तातील लोहाची कमतरता, अपुरे पोषण, कानाचा किंवा डोळ्याचा दोष, घरातील कलह, परक्या बोलीतून शिकावे लागणे, अशी अनेक कारणे असतात, व त्यांतली बरीचशी दूर करता येण्याजोगी असतात. मुलांकडून माणसाचे चित्र काढवून त्यावरून निदान करण्याचा मोहही टाळावा. ज्या मुलाने घरी कधी खडू हाती धरला नाही त्याचे चित्र अपुरेच येणार. शंका वाटल्यास शालेय आरोग्य तपासणीच्या पथकाकडे नाव द्यावे व शिकविणे चालू ठेवावे. मेंदू बालवयात लवचीक असतो. बोलणे, गोष्टी, खेळ, चांगला आहार ह्यांनी पुष्कळ भरून निघते.

दुसरे, शाळेचे आवार. जूनमध्ये शाळा उघडताना पटांगणात गुडघाभर गवत माजलेले असते, आणि ग्रामपंचायतीचा माणूस एका पंपात ते जाळून देतो. काम सोपे होते खरे. पण पुढील पंधरा दिवस पहिलीची मुले त्याच मातीत बसतात, खेळतात व त्याच हातांनी शालेय पोषण आहार घेतात. आवारात तणनाशक मारू न देणे, हे पूर्णपणे मुख्याध्यापकाच्या व शाळा व्यवस्थापन समितीच्या हाती आहे. शाळा उघडण्यापूर्वी दोन दिवस गवत विळ्याने अथवा गवत कापण्याच्या यंत्राने काढून घ्यावे. मात्र गाजरगवत मुलांकडून उघड्या हाताने कधीही उपटवू नये, त्याने त्वचेला पुरळ उठते व दम लागतो. हे तण मूळचे आपले नव्हे. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात ते प्रथम नोंदले गेले, आणि आता ते नसलेली शाळा दाखविणे कठीण आहे. ते मोठ्यांनी हातमोजे घालून, फुलावर येण्यापूर्वी काढावे. परसबागेतील वाफ्यांत तर खुरप्याशिवाय दुसरे काही चालू देऊ नये.

शाळेला लागून ज्यांची शेते आहेत त्यांना भेटावे. तक्रारीच्या सुरात बोलू नये. शाळा सुटल्यावर किंवा रविवारी, वारा पडलेला असताना फवारणी करावी, आणि आदल्या दिवशी निरोप द्यावा, एवढीच विनंती करावी. माझ्या फिरतीतील अनुभव असा की, आपलेच नातवंड त्या वर्गात बसते हे ध्यानात आणून दिल्यावर नकार देणारा शेतकरी विरळा. निरोप आल्यास त्या बाजूच्या खिडक्या लावाव्यात, मुलांना आत घ्यावे व पिण्याच्या पाण्याची टाकी झाकावी.

वारा विष किती दूर नेतो, हे मुलांना दाखविण्यासाठी सहावी-सातवीच्या वर्गाला एक पाठ घेता येईल. कपड्याला लावावयाची नीळ पाण्यात कालवावी व ते पाणी नव्या, स्वच्छ फवारा-बाटलीत भरावे. शेतातील जुना पंप कोणत्याही कारणाने वापरू नये. पटांगणात एक, दोन, तीन, पाच व आठ पावलांवर पांढऱ्या कागदाचे ताव दगड ठेवून अंथरावेत. वाऱ्याच्या दिशेने काही वेळ फवारावे आणि प्रत्येक तावावरील ठिपके मुलांना मोजावयास सांगावे. जवळच्या तावावर मोठे थेंब, दूरच्यावर बारीक ठिपके आढळतील. आणि आणखी पुढे काय गेले असेल, असे विचारले म्हणजे न दिसणाऱ्या थेंबांची कल्पना मुले आपोआप करतील. हाच प्रयोग वारा पडल्यावर पुन्हा करावा. दोन्ही वेळच्या संख्यांचा स्तंभालेख काढला की गणिताचा तासही साधतो.

त्याच आठवड्यात एका रिकाम्या डब्यावरील वेष्टनाचे चित्र फळ्यावर काढून दाखवावे. डबा वर्गात आणू नये. आपल्या देशात अशा प्रत्येक वेष्टनावर रंगीत त्रिकोण छापलेला असतो : तांबडा अतिशय जहाल विषाचा, पिवळा त्याखालचा, निळा मध्यम, हिरवा सौम्य. मुलांना एवढेच पक्के करावे की, हिरवा त्रिकोण म्हणजे ‘चालेल’ असे नव्हे. तो एकदम घेतल्यास होणाऱ्या विषबाधेचे माप सांगतो, हळूहळू वाढत्या मेंदूवर होणाऱ्या परिणामाचे नव्हे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले, ते पहिल्या प्रकारचे उदाहरण होते. दुसऱ्या प्रकारात कोणी दवाखान्यात जात नाही, म्हणून त्याची बातमीही होत नाही.

पालकसभेत, विशेषतः मातांच्या सभेत, पुढील गोष्टी अंगणवाडी सेविकेस बरोबर घेऊन सांगाव्यात. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रीने फवारणीचे द्रावण कालवू नये, पंप धुऊ नये, आणि ताज्या फवारलेल्या शेतात त्या दिवशी खुरपणीला जाऊ नये. फवारणी करून आलेल्या घरधन्याने अंग धुऊन कपडे बदलल्याखेरीज मूल कडेवर घेऊ नये. ते कपडे मुलांच्या कपड्यांत मिसळून धुऊ नयेत. रिकामे डबे पाण्याला, धान्याला किंवा परसाकडे नेण्यास वापरू नयेत. ते भोके पाडून निकामी करावेत व विहीर, ओढा ह्यांपासून दूर ठेवावेत. पाण्याच्या अथवा शीतपेयाच्या बाटलीत तणनाशक काढून ठेवण्याची सवय तर ताबडतोब मोडावी. पॅराक्वाटचे बहुतेक बालमृत्यू अशाच बाटलीची चूक होऊन घडू शकतात. एखाद्या मुलाच्या तोंडात काही गेल्याचा संशय आला, तर ओकारी काढण्याच्या भानगडीत न पडता १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा, आणि डबा किंवा त्यावरील वेष्टन सोबत न्यावे, म्हणजे डॉक्टरांना द्रव्य कोणते ते कळेल. अंगावर उडाले असल्यास कपडे काढून साबण व भरपूर पाण्याने अंग धुवावे; डोळ्यात गेले असल्यास पंधरा मिनिटे वाहते पाणी सोडावे.

शेवटची सूचना नोंदवहीची. कॅलिफोर्नियात जे कळले ते नोंदी होत्या म्हणून कळले. आपल्या गावांत तशी नोंद कोणी ठेवीत नाही. प्रत्येक शाळेने एका साध्या वहीत, शाळेच्या परिसरात फवारणी झाल्याची तारीख, पीक, द्रव्याचे नाव, वाऱ्याची दिशा, व त्या दिवशी डोकेदुखी, मळमळ किंवा डोळ्यांची आग अशी तक्रार केलेल्या मुलांची संख्या एवढे पाच रकाने आखावेत. मुलांची नावे लिहू नयेत. सातवीतील दोन विद्यार्थ्यांकडे हे काम आळीपाळीने सोपवावे आणि आठवड्यातून एकदा वर्गशिक्षकाने त्यावर सही करावी. खरीप व रब्बी अशा दोन्ही हंगामांनंतर ही वही केंद्रप्रमुखांना दाखविण्यासाठी शिक्षण परिषदेस घेऊन यावी.